अठरा बदल्या

पडद्यावर मी आजवर एकोणीस वेळा मेलो आहे. ही तक्रार नाही, मी हे कॉलर ताठ करून सांगतो आहे. सहा वेळा हृदयविकाराने, चार वेळा गोळी लागून, एकदा विहिरीत पडून, आणि उरलेल्या वेळी लेखकाला दुसरं काही सुचलं नाही म्हणून झोपेत. आमच्या धंद्यात मला चरित्र अभिनेता म्हणतात. म्हणजे नायकाचा बाप, नायिकेचा मामा, गावचा पोस्टमास्तर, कोर्टातला कारकून. माझं नाव कोणाला आठवत नाही. चेहरा मात्र सगळ्यांना कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. एकदा इतवारीच्या बाजारात कुकर घ्यायला गेलो, तर दुकानदाराने मला आपल्या साडूचा भाऊ समजून आधी चहा पाजला, मग तब्येत विचारली आणि शेवटी झाकण नीट बसणारा कुकर आतून काढून दिला. मी काही बोललो नाही. परक्या माणसाला घरचा वाटण्याइतका साधा चेहरा असणं ही आमची कमाई. ती अशी कुकरवर घालवायची की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि कुकर चांगला होता.

तीस वर्षं मी नागपुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लं मोजून ठेवायची, मुलांचे हात भाजले की नळाखाली धरायचे. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी लागली की मी बॅग भरून शूटिंगला पळायचो. बायको म्हणायची, बाकीच्यांचे नवरे सुट्टीत घरी येतात, माझा घरून जातो. निवृत्त झालो तेव्हापासून पूर्ण वेळ हेच काम. आता तर ऑडिशनसुद्धा घरबसल्या होते. बायको मोबाइल धरते, मी खिडकीजवळ उभा राहून कुणाच्या तरी बापाचे संवाद म्हणतो, आणि ती मध्येच म्हणते, "थोडं कमी रडा, लाइट जाऊन राहिला तोंडावरचा."

मरणाची कामं माझ्याकडे यायला लागली त्याला कारण आहे. मला ते येतं. माझ्या मेहुण्याने एकदा भर पंगतीत विचारलं होतं, "मेलेल्या माणसाले काय अ‍ॅक्टिंग करा लागते जी? पडून तं राहायचं." मला राग पटकन येतो. मी त्याला ताटावरून उठवला, बैठकीतल्या सतरंजीवर आडवा केला आणि घड्याळ धरून बसलो. म्हटलं, एक मिनिट फक्त मरून दाखव. पंधराव्या सेकंदाला त्याने नाक खाजवलं. विसाव्या सेकंदाला पापण्या फडफडल्या. तिसाव्याला तो हसला. तेव्हापासून तो माझ्याशी या विषयावर बोलत नाही.

श्वास रोखून धरायचा, असं लोकांना वाटतं. तसं केलं तर मिनिटभराने छाती भात्यासारखी उडते. श्वास घ्यायचाच, पण पाठीत घ्यायचा. जमिनीला टेकलेला भाग फुगला तर कॅमेऱ्याला दिसत नाही. बुबुळं आधी पायांकडे वळवायची आणि मग डोळे मिटायचे, म्हणजे पापणी थरथरत नाही. नाकात कापूस असेल तर ओठ तांदळाच्या दाण्याएवढे उघडे ठेवायचे. माशी बसली तर माशीचं भलं चिंतायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. मी आमच्या घरातल्या फरशीवर दुपारी पडून पडून शिकलो, आणि एका दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहून दुसऱ्या नटाला "असं मरायला शिका" म्हटलं, तेव्हा मला जे वाटलं ते पगारवाढीच्या दिवशीही कधी वाटलं नव्हतं.

आमच्यात एक रीत आहे. मरणाचा शॉट संपला की मेलेल्या नटाने लगेच उठून कॅमेऱ्याकडे पाहून हसायचं. कॅमेरा तेवढ्यापुरता चालू ठेवतात. ते हसू कुठे वापरत नाहीत, पण ते घेतल्याशिवाय कोणी पुढच्या कामाला लागत नाही. हार घातलेला फोटो काढला तरी तसंच. हार काढून दुसरा फोटो काढायचा. मोठमोठी शिकलेली माणसं ही रीत पाळतात आणि मीही पाळतो. माझी एकोणीस हसू कुठल्या कुठल्या कपाटांत पडून असतील.

आता आईकडे येतो, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे.

आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. आम्ही नागपूरच्या महाल वस्तीत राहतो, अरुंद गल्लीत, तीन खोल्यांच्या घरात. गल्लीत कोणाकडे मयत झाली की पहिली हाक आईला यायची. बाईमाणूस गेलं तर तिला आंघोळ घालणं, लुगडं नेसवणं, घरातल्यांना पाणी पाजणं, कोणाला कुठे बसवायचं ते सांगणं, हे सगळं ती न रडता करायची. घरी येऊन डोक्यावरून पाणी घ्यायची आणि स्वयंपाकाला लागायची. तिने इतकी मेलेली माणसं जवळून पाहिली आहेत की तिला खोटं मरण दाखवणं म्हणजे सोनाराला पितळ दाखवणं.

मी पहिल्यांदा मेलो ते एका मालिकेत. तहसील कचेरीतला प्रामाणिक कारकून होतो मी, तिसऱ्या आठवड्यात खुर्चीतच जातो. आईने त्या संध्याकाळी गल्लीतल्या सात-आठ बाया बोलावल्या होत्या, लेकाला टीव्हीवर पाहायला. मला वाटलं, तिला माहीत असेल नाटकात काय असतं ते. मी सांगितलं नाही. मी खुर्चीत मान टाकली, आणि पुढच्याच दृश्यात भिंतीवर माझा फोटो आणि त्याला झेंडूचा हार. आई उठली, मोरीत गेली आणि ऐन जानेवारीत तिने गार पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली. मी बाहेर उभा होतो. ओल्या केसांनी ती बाहेर आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "असं दाखवू नको रे मले. लेकाचं असं पाहणं कोण्या आईच्या नशिबी येऊ नये बापा." दोन दिवस ती धड जेवली नाही.

त्यावर घरात एक बैठक झाली, आईशिवाय. कल्पना बायकोची. यापुढे मी मेलो की आईला सांगायचं, त्या माणसाची बदली झाली.

आणि आम्ही ते वर्षानुवर्षं निभावलं. मरणाचा भाग असला की बायको रिमोट घेऊन बसायची. कधी लाइट "जायची", कधी केबल "बिघडायची", एकदा आमच्या मुलीने चक्क दूध उतू घालवलं. दुसऱ्या दिवशी आई विचारायची, "तो मास्तर दिसून नाही राहिला?" बायको म्हणायची, "त्याची गडचिरोलीले बदली झाली." इन्स्पेक्टर चंद्रपूरला गेला. वनखात्यातला साहेब मेळघाटात. एक सावकार होता, त्याची बदली कशी होणार? तो पोराकडे अमेरिकेत राहायला गेला. अशा अठरा बदल्या आम्ही केल्या. शेजारपाजारही सामील. सगळ्या गल्लीला माहीत होतं की मी पडद्यावर मरतो, फक्त आईला नाही.

आम्हाला आमच्या हुशारीचं फार कौतुक होतं. तिने यातून काय अर्थ काढला, ते कळायला मात्र मला बरीच वर्षं लागली.

एकदा पाहुणे आले होते. मी आत शर्ट बदलत होतो. आई बाहेर हळू आवाजात सांगत होती, "मेहनती हाय बापा. पण त्याले कोणी टिकू देत नाही. दरखेपेस अर्ध्यातूनच काढून टाकतात." पाहुण्यांनी च् च् केलं. मी शर्टाची गुंडी हातात धरून तसाच उभा राहिलो.

म्हणजे माझं जे सर्वांत चांगलं काम होतं, तेच आम्ही तिच्यापासून लपवलं होतं, आणि उरलेल्या कामावरून तिने ठरवलं होतं की तिचा मुलगा या धंद्यात अपयशी आहे. दिग्दर्शक मला हातचा सोडत नव्हते. मेकअपवाले मला "काका, तुमच्यासारखं कोणी मरत नाही" म्हणायचे. आणि माझी आई मला जेवताना समजवायची, "तुले एका जागी टिकू काहून देत नाही गा ते लोकं? तू उलटून बोलते का साहेब लोकाले? तोंड सांभाळून राहत जा." मी मान खाली घालून वरणभात खायचो. साठीला आलेल्या माणसाला आईची शाबासकी हवी असते, हे लिहायला मला थोडी लाज वाटते, पण हवी होती. फार हवी होती. आणि तिचं वय पाहता ती मिळायला फार वेळ उरला नव्हता.

गेल्या वर्षी, आई देवळात गेलेली असताना, कामठीची एक मुलगी घरी आली. तिशीची असेल. वडिलांचे यंत्रमाग होते, हिने सिनेमाचं शिक्षण घेतलं आणि आता पहिला सिनेमा करत होती. चहा घेता घेता तिने गोष्ट सांगितली. महालातल्या एका घरी बाप सकाळी वारतो. धाकटा मुलगा परदेशातून यायचा असतो, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरतं. त्या एका दिवसात मधल्या खोलीत बाप झोपलेला आणि घरातला प्रत्येक जण त्याच्याजवळ येऊन आपापल्या आठवणी जागवतो. त्या आठवणींत बाप चालतो, बोलतो, भांडतो, नाचतोसुद्धा.

"काका, सगळा सिनेमा तुमच्यावर आहे," ती म्हणाली.

माझ्या आयुष्यातली पहिली मुख्य भूमिका. आणि तीत मी पहिल्याच दृश्यात मेलेला. बायको आतून ऐकत होती. तिने बाहेर येऊन त्या मुलीच्या पुढ्यात चिवड्याचा पूर्ण डबाच ठेवला.

मुलगी गेल्यावर बायको म्हणाली, "आता तरी सांगून द्या न आईले. सिनेमा नागपूरचा आहे. थेटरात काय लाइट घालवणार तुम्ही?" तिचं खरं होतं. सांगितलं तर आईला ते पहिलं दुखणं पुन्हा. न सांगितलं तर एवढ्या मोठ्या कामाचीही तिच्या लेखी बदलीच होणार. मी म्हटलं, शूटिंग होऊ दे, मग पाहू. भित्रा माणूस नेहमी असंच म्हणतो. आईला सांगितलं की कामठीकडे काम आहे, डॉक्टरचं. तिने नेहमीप्रमाणे हातावर दही दिलं आणि म्हणाली, "या टाइमाले भांडू नको कोणाशी."

शूटिंग प्रत्यक्षात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं.

चौथा दिवस. त्या दिवशी सिनेमातला सगळ्यांत मोठा शॉट होता. मधल्या खोलीत मी फरशीवर, अंगावर पांढरी चादर, तोंडही झाकलेलं. भोवती वस्तीतल्या पंधरा-वीस बाया बसलेल्या. सून येते, तोंडावरची चादर बाजूला करते, आणि कॅमेरा न थांबता त्या सगळ्या बायांवरून फिरत माझ्यापाशी येऊन थांबतो. दोन अडीच मिनिटांचा एकच शॉट. मध्ये कुठे तोडायचं नाही. बाया खऱ्याच महालातल्या हव्यात असा त्या मुलीचा हट्ट, म्हणून तिची माणसं सकाळपासून घरोघर विचारत फिरत होती. फक्त बसायचं, नाश्ता मिळेल.

मी नाकात कापूस घालून, गालांवर राखट रंग लावून, चादरीखाली पडलो होतो. बाया आत येऊन बसत होत्या. बांगड्यांचा, लुगड्यांचा आवाज. कोणी म्हणत होतं, समोसा गरम आहे. आणि मग मला आईचा आवाज आला.

"बाई, तुम्हीच का यातल्या मोठ्या?"

शेजारच्या काकू तिला घेऊन आल्या होत्या. काकूंना वाटलं, मी खरंच कामठीला आहे.

दिग्दर्शिका म्हणाली, "हो आजी, बसा न. इथे पुढे बसा."

"बसते न. पण पयले माहं एक ऐका," आई म्हणाली. आवाज दबका होता, पण मी तिच्यापासून चार हातांवर पडलो होतो. "माहा पोरगा बी नट हाय. टीव्हीत येते. लय मेहनती हाय, दारू पीत नाही, उलटून बोलत नाही. पण त्याले अर्ध्यातूनच काढून टाकतात. तुमच्याकडं एखादं पूर्ण काम असन तं त्याले देजा. तो नाही म्हणणार नाही."

म्हणून आली होती ती. समोशासाठी नाही, शूटिंग पाहायला नाही. गुडघे धरून दोन गल्ल्या चालत ती माझ्यासाठी शब्द टाकायला आली होती.

दिग्दर्शिका म्हणाली, "हो आजी, शॉट झाला की नक्की बोलू हं आपण." तिला काय माहीत!

त्या वेळी मला उठता आलं असतं. हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे, म्हणून इथे खरं लिहितो. शॉट सुरू व्हायला अजून निदान अर्धं मिनिट होतं. मी चादर फेकून उठून बसलो असतो, आईला बाहेर नेलं असतं, पाणी दिलं असतं, तर कोणी मला बोललं नसतं. मी उठलो नाही. एक तर भीती वाटली. आणि दुसरं, माझ्या आत कोणीतरी म्हणत होतं की पाहू दे तिला. एकदा पाहू दे मी काय करतो ते. हा विचार आल्याबद्दल मला शरम वाटली आणि तरीही मी बुबुळं पायांकडे वळवली आणि डोळे मिटले.

"ॲक्शन" झालं. सुनेची पावलं आली. चादर तोंडावरून सरकली.

बायांनी रडायला सुरुवात केली. काही खरोखर रडत होत्या. तशा सवयीच्या बाया असतात, त्यांना कारण लागत नाही. पण माझ्या डाव्या हाताला, जिथे आई बसली होती, तिथे काहीच आवाज नव्हता. हुंदका नाही, हाक नाही. मी कान तिकडे लावून पडलो होतो. ती पडली तर नसेल? तिचं काही झालं तर? माझं काळीज असं काही ठोकत होतं की बायांनाही ऐकू जात असेल असं वाटलं. मी मनात आकडे मोजले. पाठीत श्वास घेतला. ओठ तांदळाच्या दाण्याएवढे. कॅमेऱ्याची चाकं फरशीवरून फिरत आली, माझ्या डोक्याशी थांबली, आणि तिथे अगदी युगभर थांबली.

"कट!" मग टाळ्या. "काका, कमाल," दिग्दर्शिका म्हणाली. सहायक नेहमीप्रमाणे ओरडला, "हसा काका, कॅमेऱ्यात बघून हसा."

मी डोळे उघडले आणि आईकडे पाहिलं. ती शाबूत होती. मांडी घालून, पदर डोक्यावर घेऊन बसली होती. चेहरा पांढराफटक पडला होता आणि दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते. पण ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. माझ्या पोटाकडे पाहत होती.

"पोट हाललं," ती म्हणाली.

दिग्दर्शिकेला वाटलं, म्हातारीला काही कळलं नाही. ती वाकून म्हणाली, "आजी, ते खरं नाही हो. काका जिवंत आहेत."

"ते दिसते न मले. माहाच पोरगा हाय तो," आई म्हणाली. "पण पोट हाललं त्याचं. शेवटी शेवटी, तो तुमचा कॅमेरा जवळ आला तेव्हा. मेलेल्या माणसाचं पोट हालत नाही."

एवढं बोलताना तिचा आवाज एकदा फाटला. तरी वाक्य तिने पूर्ण केलं.

दिग्दर्शिका एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहत मॉनिटरपाशी गेली. शॉट मागे घेऊन पाहिला. पुन्हा पाहिला. मग ती नुसती "हो" म्हणाली. चादरीची एक घडी पोटावर दोनदा वर गेली होती. युनिटच्या वीस माणसांपैकी, त्यात कॅमेरामन आणि सहायक धरून, कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. हे विसावं मरण अजून पडद्यावर यायचं आहे, पण आधीच्या एकोणीस मरणांत माझी अशी चूक कधी झाली नव्हती. ती आईच्याच धाकाने झाली आणि आईनेच पकडली.

"परत करा," आई म्हणाली. "अन् पायाचे अंगठे कोणी बांधले नाहीत काहून? अंगठे बांधतात." वेशभूषेचा माणूस धावत सुतळी घेऊन आला. तो माझे अंगठे बांधत होता तेवढा वेळ आईने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. गाठ बसल्यावर ती वळली आणि सरकत माझ्या आणखी जवळ येऊन बसली. मी कुजबुजलो, "आई, तू बाहेर बसतेस का?" ती म्हणाली, "चूप बस. काम कर."

दुसरा टेक मी असा दिला की तसा पुन्हा देईन का, माहीत नाही. भीती गेली होती. जिला घाबरायचं ती शेजारीच बसली होती आणि मला काम कर म्हणाली होती. शॉट संपल्यावर दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिलंच नाही, सरळ आईकडे पाहिलं. आईने क्षणभर विचार केला.

"आता बराबर मेला," ती म्हणाली.

मला आजवर दोन-तीन पारितोषिकं मिळाली आहेत. ती कपाटावर आहेत, धूळ पुसली जाते. पण हे तीन शब्द मी कुठल्याही कपाटावर ठेवणार नाही, हे मी सोबत घेऊन फिरतो.

घरी येताना ती माझा दंड धरून चालत होती. गल्लीच्या तोंडाशी थांबली. "त्या मास्तरची बदली झाली ते?"

"मेला तो, आई."

"अन् इन्स्पेक्टर?"

"तोही."

"अमेरिकेत गेला तो?"

"तो विहिरीत पडला."

ती थोडी चालली. मग म्हणाली, "म्हणजे तुले कोणी काढलं नाही?"

"नाही."

"पूर्ण काम करून मेला?"

"पूर्ण काम करून."

मग ती रडली. तिथेच, किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून, पदरात तोंड घालून मोठ्याने रडली. दुकानदार पाणी घेऊन आला. मला माहीत होतं की यातलं थोडं रडणं त्या चादरीसाठी आहे, पण बरंचसं सुटकेचं होतं. इतकी वर्षं ती माझ्यासाठी कमीपणा सोसत होती. घरी गेल्यावर तिने मला आधी आंघोळीला पाठवलं, मग स्वतः गेली, आणि मग बायकोला असं काही झापलं की मी खोलीतून बाहेर आलो नाही. "लाइट गेली म्हणे! खोटारडी कुठची! दूध उतू घालवलं पोट्टीनं, ते बी खोटं?"

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी जेवणं झाल्यावर आई टीव्हीसमोर येऊन बसली. "लाव," म्हणाली.

"काय लावू?"

"तुहे सगळे मेलेले."

बायकोने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या मुलीने सगळे भाग शोधून ठेवले होते, ते तिने टीव्हीला जोडून दिले आणि बाजूला झाली. मी आईशेजारी खाली बसलो. आधी मास्तर लागला. शाळेच्या व्हरांड्यात छातीवर हात धरून मी खांबाला टेकतो, हळूहळू खाली घसरतो. हे माझं आवडतं मरण आहे. मी आईकडे पाहत होतो, पडद्याकडे नाही.

मास्तर खांबाला टेकला तसं तिने पडद्यावरची नजर न काढता हात लांब केला आणि माझं मनगट धरलं. तिची बोटं बरोबर नाडीवर होती. मास्तर घसरला, बसला, आडवा झाला, मुलं धावत आली, कोणीतरी पाणी शिंपडलं, मास्तरच्या फोटोला हार चढला. तिची बोटं माझ्या नाडीवर तशीच होती, घट्ट, मोजत असल्यासारखी.

"चांगला मेला," ती म्हणाली. मनगट तिने सोडलं नाही. "पुढचा लाव."